परक्या देशाचें मीठ

स्वदेश सोडून दुसऱ्या देशांत घर केलेल्या मनुष्याचें त्या देशाविषयींचें बोलणें लक्षपूर्वक ऐकलें, तर त्यांत बहुधा दोन निराळे सूर आढळतात. तेथील रस्ते, नळाचें पाणी, सार्वजनिक ग्रंथालयें, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या आणि मुकाट्यानें रांगेंत उभीं राहणारीं माणसें यांविषयीं तो बोलूं लागला म्हणजे त्याच्या स्तुतीला खळ पडत नाहीं, परंतु त्याच देशाच्या राज्यकारभाराचा विषय निघाला, कीं एक तर "आपल्याला काय करायचें आहे त्यांच्या राजकारणाशीं?" असें म्हणून तो विषय टाळतो, नाहीं तर तेथील सर्व पक्षांना एकाच दावणीला बांधून मोकळा होतो. दैनंदिन जीवन ही एक वस्तु आणि राजकारण ही दुसरी; पहिलीचा आपण उपभोग घ्यावा व दुसरीची उठाठेव तेथें जन्मलेल्यांनीं करावी, अशी त्यानें मनाशीं वांटणी केलेली असते. आज आपल्या शहरांतील सुशिक्षित मध्यम वर्गांत, ज्याचा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची अमेरिकेंत, इंग्लंडांत, जर्मनींत अथवा ऑस्ट्रेलियांत नाहीं, असें कुटुंब शोधावें लागेल. तेव्हां परदेशीं राहणाऱ्यानें त्या देशाच्या कारभाराविषयीं मत बाळगावें काय, बाळगल्यास तें उघड बोलावें काय, आणि बोलल्यास इतरांनीं त्याला किती वजन द्यावें, हा प्रश्न आतां केवळ ग्रंथांतला राहिलेला नाहीं. तो घरांत आलेला आहे.

या प्रश्नाचें आपल्याकडील रूढ उत्तर एका वाक्प्रचारांत सांठविलेलें आहे: खाल्ल्या मिठाला जागावें. ज्या देशानें अन्न दिलें, मान दिला, त्याच्या घरगुती भांडणांत पाहुण्यानें पडूं नये. पुढें आलेल्या ताटाला नांवें ठेवूं नयेत. हें उत्तर तुच्छ लेखण्यासारखें नाहीं. कृतज्ञता हा मोठा सद्गुण आहे, आणि परक्या भूमीवर पाऊल ठेवतांच तेथील लोकांना शहाणपण शिकवूं लागणारा मनुष्य कोणत्याच देशांत कोणाला आवडत नाहीं. तथापि या उत्तराच्या मुळाशीं पाहुण्याची एक उपमा आहे, आणि ती उपमाच तपासून पाहिली पाहिजे. पाहुणा चार दिवस राहतो, काम करीत नाहीं, भाडें देत नाहीं आणि परत जातो. स्थायिक झालेल्या मनुष्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तो तेथें राबतो, कर भरतो, घराचें कर्ज फेडतो. त्याचीं मुलें त्या देशाचा इतिहास आपला म्हणून शिकतात, आणि त्याचें वार्धक्यहि बहुधा तेथेंच जावयाचें असतें. खाल्लेलें मीठ त्यानें मिळविलेलेंहि असतें. शिवाय कृतज्ञता असावी ती कोणाविषयीं? ज्या शेजाऱ्यानें पहिल्या हिंवाळ्यांत दारांतलें बर्फ उपसावयास फावडें दिलें, ज्या शिक्षिकेनें भाषा न येणाऱ्या मुलाला जवळ बसवून घेतलें, त्यांचे उपकार खरे. पण ते उपकार त्या वेळीं अधिकारावर असलेल्या मंत्रिमंडळाचे नव्हेत. देशाविषयींची कृतज्ञता आणि सरकारविषयींचें मौन या दोन गोष्टी एकच मानण्यांत मोठा घोटाळा आहे.

हा घोटाळा नवा नाहीं. प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरींत परगांवाहून येऊन राहिलेल्या लोकांचा एक स्वतंत्र वर्गच होता. त्यांना 'मेटिक' म्हणत. अशा पुरुषाला वर्षाकांठीं १२ द्राख्मा आणि स्वतंत्रपणें राहणाऱ्या स्त्रीला ६ द्राख्मा निवासकर द्यावा लागे. कोणा तरी नागरिकाला आपला पुरस्कर्ता म्हणून दाखवावें लागे. युद्धप्रसंगीं पुरुषांना सैन्यांत जावें लागे. उलटपक्षीं, जमीन विकत घेण्याचा हक्क या वर्गाला सामान्यतः नव्हता, आणि लोकसभेंत बोलण्याचा व मत देण्याचा तर नव्हताच. या वर्गांतील एका घराण्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. केफालस हा मूळचा सिसिलींतील सिराक्यूजचा; पेरिक्लीझच्या आग्रहावरून तो अथेन्सला आला, आणि पुढें त्या कुटुंबाचा ढालींचा मोठा कारखाना झाला. तीस वर्षांच्या वास्तव्यांत आपल्या वडिलांनीं कोणावर फिर्याद केली नाहीं, कीं कोणी त्यांच्यावर केली नाहीं, असें त्याचा मुलगा लिसिअस यानें पुढें न्यायालयांत सांगितलें. आदर्श पाहुण्याचें याहून चांगलें वर्णन कोणतें असणार?

या आदर्श वर्तनाचें फळ काय मिळालें, तें पाहण्यासारखें आहे. इ. स. पूर्वी ४०४ सालीं अथेन्सचा युद्धांत पराभव होऊन 'तीस जणां'ची जुलमी राजवट आली, तेव्हां पैशाची टंचाई भागविण्यासाठीं तिनें मेटिकांवर धाड घातली. लिसिअसचा भाऊ पोलेमार्कस याला विषाचा पेला पिण्यास लावण्यांत आलें. कारखान्यांतील ढाली आणि १२० गुलाम जप्त झाले. लिसिअस निसटला म्हणून वांचला. लोकशाहीच्या बाजूनें लढणाऱ्यांना त्यानें द्रव्याचें साहाय्य केलें. लोकशाही परत आल्यावर अशा साहाय्यकांना नागरिकत्व देण्याचा ठरावहि झाला; पण तो बेकायदेशीर ठरला, आणि लिसिअस अखेरपर्यंत परकाच राहिला. ज्या घरानें राजकारणाकडे कधीं पाहिलें नाहीं, त्याच्याकडे राजकारणानें पाहिल्यावांचून सोडलें नाहीं. मात्र याच घराच्या मालकीचीं १२० माणसें होतीं, हेंहि विसरूं नये. त्यांना तर आपलें गाऱ्हाणें कोणत्याच न्यायासनापुढें मांडतां आलें नाहीं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथांतील न्यायाविषयींचा प्रख्यात संवाद याच पोलेमार्कसच्या घरीं घडतो, आणि त्यांत न्यायाची पहिली व्याख्या निघते ती वृद्ध केफालसच्या बोलण्यांतून. खरें बोलणें आणि घेतलेलें परत करणें, असा तिचा आशय आहे. सॉक्रेटिस ती अपुरी ठरवितो हें खरें. परंतु परक्या नगरांत राहणाऱ्या मनुष्याच्या कर्तव्याचीं दोन्ही अंगें तींत आलेलीं आहेत. आपल्या मिठाच्या नीतींत ऋण फेडण्याचें अंग आहे. खरें बोलण्याचें अंग मात्र आपण सोयीनें गाळलेलें आहे.

अरिस्टॉटलची गोष्ट याहूनहि विलक्षण आहे. तो स्टॅगिराचा राहणारा. अथेन्समध्यें दोन खेपांना मिळून सुमारें ३२ वर्षें राहिला, तो मेटिक म्हणूनच. राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत, निर्णय आणि अधिकार यांत ज्याला भाग आहे तोच नागरिक, अशी व्याख्या त्यानें केली. आणि केवळ एखाद्या ठिकाणीं राहिल्यानें कोणी नागरिक होत नाहीं, हें सांगतांना उदाहरण घेतलें तें मेटिकांचें. म्हणजे स्वतःच्याच व्याख्येनें तो स्वतः बाहेरचा ठरतो! तरीहि जग दोन हजारांहून अधिक वर्षें राज्यशास्त्राचे धडे घेत आलें आहे, तें या मताधिकार नसलेल्या मनुष्यापासून. मराठींत 'मत' या एकाच शब्दानें मनुष्याचा अभिप्राय आणि त्याचा निवडणुकींतील हक्क या दोन्हींचा बोध होतो. त्यामुळें ज्याला दुसरें मत नाहीं त्यानें पहिलेंहि बाळगूं नये, असें आपल्याला नकळत वाटूं लागतें. अरिस्टॉटलला दुसरें नव्हतें. पहिलें नव्हतें असें कोण म्हणेल?

आतां दैनंदिन जीवन आणि राजकारण या वांटणीकडे वळूं. नळाला निर्मळ पाणी येतें, तो कोणत्याहि देशाच्या हवेचा गुण नव्हे. सन १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडनमधून वाहणारी टेम्स नदी इतकी घाण झाली होती, कीं पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे दुर्गंधिनाशक द्रव्यांत भिजवावे लागले. वर्षानुवर्षें रेंगाळलेला गटारांचा प्रश्न ती दुर्गंधि सभासदांच्या नाकापर्यंत पोंचतांच मार्गीं लागला. त्याच वर्षीं कायदा झाला आणि बॅझलजेट या इंजिनियरानें शहराखालीं भुयारी गटारांचें जाळें बांधलें. लंडनच्या निर्मळपणावर खूष होणारा आपला प्रवासी एका कायद्यावर, एका करावर आणि एका सार्वजनिक भांडणावर खूष होत असतो. त्याला तें ठाऊक नसतें एवढेंच. शाळा, ग्रंथालय, रुग्णालय, यांपैकीं कशाचीहि कथा निराळी नाहीं. राजकारणाला नाक मुरडून दैनंदिन सुखाची स्तुति करणें म्हणजे फळ गोड म्हणावें आणि झाड कशाला हवें असें विचारावें, त्यांतला प्रकार होय.

हीं दोन्ही एका दृष्टीनें पाहण्याचा उत्तम धडा मराठींत फार पूर्वींच घालून दिला गेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेंत गेल्या आणि १८८९ सालीं त्यांचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत राज्यव्यवस्था आहे आणि गृहस्थितिहि आहे. स्त्रियांच्या शिक्षणाची व संस्थांची मनःपूर्वक वाखाणणी आहे, आणि कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलची नापसंतीहि आहे. बाई तेथें स्थायिक झाल्या नव्हत्या, आणि त्यांच्या कार्याला अमेरिकनांचें द्रव्यसाहाय्य मिळणार होतें. तरी आतिथ्यानें त्यांचे डोळे मिटले नाहींत.

मग परक्याच्या मताचें वजन ठरवावयाचें तें कशावरून? जन्मावरून ठरवावें तर अरिस्टॉटलला बाहेर घालवावें लागेल. कागदावरून ठरवावें तर कागद मिळण्याच्या आदल्या दिवशीं मूर्ख असलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं शहाणा झाला, असें म्हणावें लागेल. मला वाटतें, खरी कसोटी एकच आहे: आपलें मत अमलांत आलें, तर त्याचे परिणाम भोगावयास आपण तेथें असणार आहों काय? यावर एक आक्षेप सहज येईल. सत्य हें कोणाच्याहि मुखांतून आलें तरी सत्यच. मग बोलणाराचें ठिकाण विचारण्याचें कारण काय? आक्षेप बरोबर आहे, पण तो अर्ध्याच बोलण्याला लागू पडतो. 'या गांवचें पाणी दूषित आहे' हें विधान कोणींहि करावें, आणि तें खरें असेल तर मानावें. परंतु 'या गांवानें शाळेचा खर्च तोडून पाणी आणावें' हा सल्ला आहे. त्यांत कोणाच्या तरी मुलाची शाळा जावयाची आहे. वस्तुस्थिति सांगण्याचा अधिकार डोळे असलेल्या प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला झीज सोसावयास सांगण्याचा अधिकार, त्या झिजेंत ज्याचा वांटा आहे त्यालाच शोभतो.

या कसोटीला उतरलेला एक परका मनुष्य मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. जुन्या एल्फिन्स्टन सर्कलला आज ज्याचें नांव आहे, तो बेंजामिन गाय हॉर्निमन हा इंग्रज. सर फिरोजशहा मेहतांनीं काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चा तो १९१३ सालीं संपादक झाला. राज्यकर्त्यांच्या जातींत जन्मलेल्या या गृहस्थाला क्लबांत बसून येथील उकाड्याविषयीं आणि नोकरांविषयीं कुरकुर करीत सुखानें आयुष्य घालवितां आलें असतें. पुष्कळांनीं तसें घालविलेंहि. त्यानें रौलट कायद्याला विरोध केला, पंजाबांतील अत्याचारांना वाचा फोडली, आणि १९१९ च्या एप्रिलमध्यें सरकारनें त्याला हद्दपार करून बोटींत बसविलें. १९२६ सालीं तो परत आला आणि १९४८ सालीं या देशांतच वारला. त्याच्या शब्दाला वजन आलें तें त्याच्या गोऱ्या कातडीमुळें नव्हे. त्या शब्दाची किंमत त्यानें स्वतः मोजली म्हणून.

परंतु बोलणें हाच एक मार्ग आहे असेंहि नाहीं. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक अनेक देश हिंडून १९२४ सालीं मेक्सिकोंत पोंचले. त्या देशाच्या १९१७ च्या राज्यघटनेंतील ३३ व्या कलमानें परकीयांना तेथील राजकारणांत कोणत्याहि प्रकारें भाग घेण्यास मनाई केलेली आहे. एवढेंच नव्हे, तर परकीयाला सुनावणीशिवाय देशाबाहेर घालविण्याचा अधिकार मूळ कलमानें सरकारला दिला होता. सुनावणीचा हक्क त्यांत आला तो २०११ सालच्या दुरुस्तीनें. गदर चळवळींत ज्यानें तारुण्य घालविलें, त्याला हें बंधन किती जाचलें असेल! खानखोजे यांनीं चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापन केलें, मक्याच्या वाणांवर संशोधन केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा उभारण्यांत पुढाकार घेतला. क्रांति होऊन गेलेल्या त्या देशांत जमीन आणि भाकरी याहून मोठें राजकारण दुसरें कोणतें होतें? भाषणाचा हक्क नसलेल्या या परक्यानें देशाच्या दैनंदिन जीवनांतच आपला वांटा उचलला. जेथें तोंड बंद आहे तेथेंहि हात मोकळे असूं शकतात, एवढें या उदाहरणावरून दिसतें.

मात्र या उदाहरणाचा आधार घेऊन प्रत्येक मौनाला सद्गुण ठरविणें अन्यायाचें होईल. रत्नागिरी-रायगडाकडील हजारों माणसें आखाती देशांत राबतात. तेथें नागरिकत्व मिळणें जवळजवळ अशक्य, आणि राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला. असा मनुष्य तेथील कारभाराविषयीं बोलत नाहीं तो समाधानी आहे म्हणून नव्हे, तर घरीं जाणारी मनिऑर्डर बंद पडेल म्हणून. अमेरिकेंतहि, कायम वास्तव्याच्या परवान्यांवर देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळें, आपले कित्येक तरुण वर्षानुवर्षें त्या रांगेंत उभे आहेत. जो परिणाम भोगतो त्याच्या शब्दाला वजन असावें, हें तत्त्व एकदां मान्य केलें म्हणजे तें परक्याला जसें बांधतें तसेंच यजमान देशालाहि बांधतें. न्यूझीलंडनें १९७५ पासून कायम रहिवाशांना मताधिकार दिलेला आहे. ब्रिटनमध्यें रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलांतील म्हणून, पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देतां येतें. अशीं उदाहरणें थोडीं असलीं तरी हें तत्त्व अव्यवहार्य नाहीं, एवढें तीं सिद्ध करतात.

जेथें दुसरें मत नाहीं, तेथेंहि पहिलें मत उपयोगांत आणतां येतें. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील एका लहान गांवीं राहतो. गांवच्या शाळेंतील संगीताचा वर्ग खर्चासाठीं बंद करण्याचें घाटत होतें. शाळा-मंडळाच्या सभेंत रहिवाशाला तीन मिनिटें बोलतां येतें, हें कळल्यावर तो गेला आणि बोलला. "निकाल काय लागला?" असें मीं विचारलें. वर्ग बंद झाला, असें त्यानें सांगितलें; पण सभेनंतर दोन शेजारी घरीं आले आणि पुढच्या वर्षीं काय करावें याविषयीं त्याच्याशीं बोलत बसले. बारा वर्षें त्याच गल्लींत राहून त्यांची ओळख नमस्कारापलीकडे गेली नव्हती.

हीच कसोटी आतां उलट दिशेनें लावूं. कारण तेथें ती अधिक बोंचणारी आहे. नव्या देशाविषयीं मौन पाळणारा हाच मनुष्य सोडलेल्या देशाविषयीं मात्र मोठ्या आवेशानें बोलतो. येथें कोणतें सरकार असावें, कोणाला धडा शिकवावा, कोणतें युद्ध करावें, याविषयीं त्याचीं मतें ठाम असतात. मायभूमीचें प्रेम ही कांहीं निंदेची गोष्ट नव्हे. आपल्या कायद्यानेंहि त्याचा थोडा मान राखलेला आहे: परदेशांत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१० च्या दुरुस्तीनें मतदार होतां येतें, मात्र मतदानकेंद्रावर स्वतः हजर राहिलें पाहिजे, ज्यानें परदेशाचें नागरिकत्व स्वीकारलें, त्याला मताधिकार नाहीं. कायद्याची ही रीति कांहींना कठोर वाटते. तिच्यांतील विचार मला सयुक्तिक वाटतो. येथें दंगा झाला तर दार लावून बसावें लागेल तें आपल्याला. पाणी तुटलें तर घागर घेऊन उभें राहावें लागेल तें आपल्याला. दूर राहणाऱ्यानें माहिती द्यावी, इशारा द्यावा, मदत पाठवावी. पण ज्या आगीची झळ आपल्याला लागणार नाहीं, ती पेटवा असें सांगण्यापूर्वीं त्यानें दहा वेळां विचार करावा.

आणि शेवटीं आपण, जे कोठेंच गेलों नाहीं, त्यांचें काय? वीस वर्षें पुण्यांत किंवा मुंबईंत राहिलेला कोणी बाहेरचा मनुष्य आपल्या रस्त्याविषयीं, आपल्या सोसायटीच्या कारभाराविषयीं एखादें कडू पण खरें बोलला, म्हणजे "तुम्ही बाहेरचे, तुम्हांला काय कळणार?" हें वाक्य आपल्या ओठांवर किती लवकर येतें! आपल्या मुलाला परदेशांत कोणी असेंच म्हणालें, तर तें आपल्याला जिव्हारीं लागतें. एकाच वाक्याला दोन ठिकाणीं दोन न्याय लावतां येणार नाहींत.

म्हणून परदेशीं असलेल्या मुलांशीं बोलतांना आपण तेथील पगाराची, घराची आणि हवेची चौकशी करतों, तींत आणखी एका प्रश्नाची भर घालावी असें मला वाटतें: तुमच्या गांवांत सध्यां कशावरून वाद चालला आहे, आणि त्यांत तुमचें काय म्हणणें आहे? या प्रश्नाचें उत्तर त्याला देतां आलें, तर तो त्या गांवचा झाला असें खुशाल समजावें. तो आपल्यापासून दूर गेला, असें वाटून क्षणभर मनाला चुटपुट लागेल. परंतु ज्या भूमीवर त्याचीं मुलें वाढणार आहेत, त्या भूमीच्या बऱ्यावाईटाचें ओझें त्यानें आपल्या खांद्यावर घेतलें आहे, हें कळून कोणत्या शहाण्या आईबापांना समाधान वाटणार नाहीं?